पिवळ्यात निळा

रंगारी साहेबांचे ओठ अधूनमधून निळे असत. हा काही आजार नव्हता. त्यांच्या टेबलावर काचेचे दोन सारखेच ग्लास असायचे, एकात चहा आणि दुसऱ्यात ब्रश बुडवायचं पाणी. काम रंगात आलं की त्यांचा हात कुठल्या ग्लासाकडे जाईल याचा नेम नसे. चुकीचा घोट घेतला तरी ते घाईघाईने थुंकायला वगैरे उठत नसत. क्षणभर विचार करत, "आज साखर कमी पडली" म्हणत, आणि पुन्हा नकाशावर वाकत. ओठ निळे दिसले की आम्ही समजायचो, साहेब बाजार रंगवतायत. पिवळे दिसले तर राहती घरं. शहराच्या नकाशात घरांना पिवळा रंग देतात, दुकानांना निळा आणि बागबगीच्यांना हिरवा. एवढं ध्यानात ठेवलं की माझी पुढची हकिकत कळायला सोपी जाईल.

रंगारी हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण आमच्या विदर्भात हे आडनाव असतंच, त्यामुळे नवीन आलेली मंडळी त्यांना बेधडक "रंगारी सर" म्हणत आणि साहेब बेधडक ओ देत. त्यांच्या मुलीच्या लग्नात ऑफिसातर्फे दिलेल्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा कुणीतरी 'श्री. रंगारी यांस' असं लिहिलं होतं. वहिनींनी ते वाचून साहेबांकडे पाहिलं, आणि साहेब म्हणाले, "राहू दे, मीच आहे तो." त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात घाटावरून आलेलं, नागपूरच्या महाल या जुन्या भागातलं. "पूर्वजांनी तलवार आणली होती की बोरू, देव जाणे," ते म्हणायचे, "माझ्या वाट्याला कुंचला आला."

मी काटोलची. बाबांची संत्र्याची बाग, घरात शिकलेली मी पहिली मुलगी, आणि डोक्यात सगळं सरळ रेषेत. नगररचनेची पदवी घेऊन मी साहेबांच्या सरकारी ऑफिसात रुजू झाले तेव्हा सगळे संगणकावर काम करत होते. एकटे साहेब कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर कागद पसरून ब्रशने रंग भरत बसलेले. मला वाटलं, या माणसाला निवृत्तीपर्यंत सांभाळून घेतलंय बिचाऱ्याला. त्यांनी मान वर न करता मला पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या घरी मीठ संपलं, तर किती दूर जावं लागते?"

मी म्हटलं, "काटोलला की इथे, सर?"

"इथे."

मी तेव्हा बाहेरच्या रिंग रोडजवळ एका नव्या इमारतीत मैत्रिणींबरोबर राहत होते. दुकान नव्हतंच जवळ. स्कूटी काढावी लागायची. ते सांगितल्यावर साहेबांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की मी आजारी आहे की काय असं मला वाटायला लागलं. "मिठासाठी पेट्रोल जाळतेस? बाप्पा!" मग ते पुन्हा कामाला लागले. पुढे मला कळलं की कुठलीही वस्ती बघायला गेलं की ते हाच प्रश्न विचारतात. बिल्डर लोक जिम, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस दाखवत, आणि साहेब दरवाजात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारत, "भाऊ, इथे मीठ कुठे मिळते?"

नागपुरात नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. इथे निम्मं शहर 'लेआउट'मध्ये राहतं. कुणाच्या आजोबांच्या नावाचा लेआउट, कुठल्या देवाच्या नावाचा लेआउट. शेत विकलं, चुन्याने प्लॉट आखले, की झाला लेआउट. त्यावर घरं उभी राहतात, घरांत नातवंडं रांगायला लागतात, तरी पत्ता तोच. साहेबांना या शब्दाचा मनस्वी राग होता. "घर कुठे? म्हणे लेआउटमध्ये. म्हणजे हे लोक अजून नकाशातच राहून राहिले! त्यांना जमिनीवर कोणी उतरवलंच नाही." त्यांचा शब्द मोहल्ला. मी एकदा वाद घालायचा म्हणून विचारलं की दोन्हींत फरक काय, व्याख्या सांगा. ते म्हणाले, "मोहल्ल्यात भांडण झालं तर लोक तुझं नाव घेऊन शिव्या देतात. लेआउटमध्ये गाडीचा नंबर घेऊन देतात."

शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे भटकणं. नवी मुलं आली की साहेब त्यांना जरीपटक्याच्या बाजारात घेऊन जायचे. आम्ही वह्या काढून दुकानांची रुंदी, रस्त्याची रुंदी लिहायला सज्ज, आणि साहेब ओरडायचे, "वर बघा, वर!" वर काय असायचं? दुकानाच्या पाटीच्या वर गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, कुंडीतली तुळस, खाली दुकानात बसलेल्या नवऱ्याला वरून हाक मारणारी बाई. तिला जेवायला चला एवढंच सांगायचं असायचं. नवरा मान हलवायचा, गिऱ्हाईक हसायचं. "बघितलं?" साहेब म्हणायचे, "हा माणूस जिना उतरला की कामावर, जिना चढला की घरी. याचा सगळा दिवस याच्याच खिशात आहे." आम्हाला धक्के बसत, हातगाड्यांची चाकं पायावरून जात, आणि साहेब मान वर करून चालत. ते एकदाही कुणाला धडकले नाहीत.

विमानतळालगतच्या मिहान या उद्योगवसाहतीच्या पलीकडे, जिथे विमानं उतरताना चाकं मोजता येतील इतकी खाली येतात, तिथल्या एका गावाचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. गावाचं नाव सांगत नाही. आता ते बसच्या पाटीवर तेवढं उरलं आहे. शहर तिकडे सरकतच होतं. ते कसंही सरकू नये म्हणून योजना करायची होती. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, शाळा, नाल्या निघायच्या, आणि प्रत्येकाला त्याचा वाटा आखीव प्लॉट म्हणून परत मिळायचा. साहेबांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. ते मला म्हणाले, "आतापर्यंत दुसऱ्यांचे लेआउट तपासले. आता एक रस्ता माझ्या मनासारखा काढतो."

तो रस्ता योजनेच्या मधोमध जायचा होता. दोन्ही बाजूंना खाली दुकानं, वर घरं, दुकानांच्या पुढे खांबांवर उभी सावली, म्हणजे मे महिन्यात भर दुपारीसुद्धा माणसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता यावं. बस एवढंच. पण त्याविषयी बोलताना त्यांचा आवाज असा खाली यायचा, की जणू जोरात बोललं तर तो रस्ता उडून जाईल.

याच गावात शेवंताबाई राहायच्या. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. साखर, चहापत्ती, तेल, साबण, पोरांच्या गोळ्या. दीड एकर शेत योजनेत जाणार होतं, घर रस्त्याच्या रुंदीत. पहिल्याच बैठकीत सगळे पुरुष भावाबद्दल बोलत असताना त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मले येवढंच सांगा, माह्या नव्या घराखाली दुकान राहीन का नाही? का मले अर्ध्या कोसावर गाळा घ्या म्हनान?"

साहेब म्हणाले, "राहील. घराखालीच राहील."

ऑफिसात असा शब्द द्यायचा नसतो. मी त्यांना परतताना तसं बोललेसुद्धा. नकाशा मंजूर व्हायचा असतो, हरकती यायच्या असतात, वरचे लोक काय करतील सांगता येत नाही. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिने काय मागितलं? जिन्याखालची जागा मागितली."

गावकऱ्यांना कागदावरचा रस्ता समजत नव्हता, म्हणून साहेबांनी एक उद्योग केला. हिवाळ्याची संध्याकाळ होती. हरभरा वीतभर वर आलेला, दूर कुठेतरी काडीकचरा जाळल्याचा वास, आणि आकाशाला संत्र्याच्या सालीसारखा रंग. साहेबांनी सगळ्यांना बांधावर जमवलं आणि म्हणाले, "चला, बाजारात जाऊ." मग ते चालायला लागले. "ही डाव्या हाताला गिरणी. पीठ उडून राहिलं, पदर सांभाळा. हा इथे शिंपी. वरच्या मजल्यावर त्याची आई बसली आहे, तिला दिसत नाही पण सगळं ऐकू येते. हे इथे पोहे, तर्री लाल जर्द. कोणाला घ्यायचे असतील तर घ्या, मी थांबतो." आणि खरंच थांबले! म्हातारे, बाया, सरपंच, सगळे त्या हरभऱ्याच्या कडेला उभे राहिले. वारा आला. मी तशी स्वप्नाळू मुळीच नाही. मला झोपेतसुद्धा स्वप्नं पडत नाहीत. पण त्या वेळी मला पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा वास आला हे मी शपथेवर सांगते.

मग गंमत झाली. साहेब म्हणाले, "आणि हा पानठेला." त्याबरोबर एक तात्या पुढे आले. "इथं नाही साहेब. हे माह्या घरासमोर येते. पोट्टे खर्रा खाऊन थुकतीन, सुनबाई बाहेर कशी निंगन?"

दुसरे म्हणाले, "मंग काय माह्यासमोर आनता का?"

"तुले त खर्रा लागतेच ना! राहू दे तुह्यासमोर!"

झालं! जो पानठेला जगात नव्हता, त्याच्यावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. बायका मध्ये पडल्या. शेवंताबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "काय वं पोरी, तुहा साहेब चाळा करते का काय लोकायले?" पण बोलता बोलता त्यांनी एका जागी पाय रोवला आणि चपलेने मातीत रेघ मारली. "मले हे पाहिजे. कोपऱ्याचं. दोन्हीकून गिऱ्हाईक येते." साहेबांनी खिशातली पेन्सिल काढून नकाशावर तिथे एक ठिपका दिला. पानठेला शेवटी पिंपळाखाली ठरला. अंधार पडला तरी लोक त्या रस्त्यावरून हलेनात.

आता चुकीकडे येते. घर आणि दुकान एकत्र असलेली जागा नकाशात कशी दाखवायची याचा नियम आहे. पिवळ्या रंगावर निळ्या तिरप्या रेघा मारायच्या. साहेबांना त्या रेघा आवडत नसत. "तुरुंगाच्या गजामागे घर ठेवल्यासारखं वाटते," म्हणायचे. आपल्या लाडक्या रस्त्याला तरी गज नकोत, म्हणून त्यांनी काय केलं, तर पिवळा ओला असतानाच त्यावर निळा पसरला. घरात दुकान आणि दुकानात घर मिसळून जावं, तसे रंग मिसळून जावेत. ब्रश धुतला, चहा प्यायले, बहुधा चहाच, आणि कागद बाहेरच्या संगणकवाल्यांकडे छापील नकाशा करायला गेला. मी तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी काटोलला होते. पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते आयुष्यभर रंगांत बुडालेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. संगणकवाल्यांना हिरवं दिसलं, त्यांनी हिरवं केलं. छापील नकाशा तपासायला साहेबांकडेच परत आला, आणि त्यांनी त्यावर सही केली. त्या हिरव्यात त्यांना त्यांचा रस्ता दिसत होता ना! दुसरं काही दिसलंच नाही.

नकाशा गावात पंचायतीच्या भिंतीवर लागला. मी आणि साहेब लोकांच्या शंका ऐकायला गेलो होतो. शेवंताबाई आधीच तिथे उभ्या होत्या, कोपऱ्यावरच्या आपल्या जागेवर बोट ठेवून. आम्हाला पाहून वळल्या.

"साहेब, माह्या दुकानात झाडं काहून लावले?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय. मग ते जवळ गेले, चष्मा लावला, आणि हसणं थांबलं. गिरणी, शिंपी, त्याची आई, पोहे, सगळ्यांवरून एक लांबलचक हिरवा पट्टा गेला होता आणि त्यावर सुबक अक्षरांत छापलं होतं, 'बगीचा'.

"आता साखर काय फांदीले टांगून इकू?" शेवंताबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शब्द देणाऱ्या माणसाकडे बघावं तशा त्या साहेबांकडे बघत होत्या, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं.

ही चूक सुधारणं सोपं असेल असं वाटतं, पण नव्हतं. बगीचा कोणाला नको असतो? योजनेला लागून एका बिल्डरचे उंच टॉवर होत होते, आणि नकाशा प्रसिद्ध झाल्यावर महिन्याच्या आत त्यांच्या जाहिरातीत 'बगीच्याकडे तोंड असलेले फ्लॅट' आले. लोकांनी पैसेही भरले. वरचे अधिकारीही खूश होते, कारण एवढी हिरवळ ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं होतं. आमच्या मोठ्या साहेबांनी हरकतींच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच होते.

"उद्या तुम्ही गप्प राहा," ते म्हणाले. "बगीचा राहू द्या. आणि फारच बोंब झाली तर संगणकवाल्यांवर ढकलू. तुमची दोन-तीन महिन्यांची नोकरी राहिली आहे, पेन्शनची कामं आहेत. उगाच शेवटी डाग कशाला?"

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरंच काळजीपोटी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "हौ." आणि बाहेर आले. त्या 'हौ'चा अर्थ मला लागला नाही. मी घरी गेले, पण डोळा लागेना. ते गप्प बसतील अशी मला भीती होती, आणि ते बोलतील अशीही होती.

सुनावणी गावातल्या शाळेच्या वर्गात झाली. एका बाजूला गावकरी, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले. दुसऱ्या बाजूला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेले लोक, उन्हाचे चष्मे डोक्यावर. त्यांच्यातल्या एकाने फार व्यवस्थित भाषण केलं. बगीच्यामुळे हवा शुद्ध राहील, मुलं खेळतील, आणि खाली दुकानं आली तर गर्दी होईल, ठेले येतील. सगळं खरंच होतं त्याचं. गावकऱ्यांची हरकत शेवंताबाईंनी मांडली, आणि ती एका वाक्याची होती. "आमाले रस्ता म्हनून सांगतला, अन् बगीचा काढला."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "असं कोणी सांगितलं?"

साहेब मागच्या बाजूला उभे होते. ते पुढे आले. पिशवीतून एक कोरा कागद, दोन रंग, ब्रश आणि पाण्याची बाटली काढली. मास्तरांच्या टेबलावर कागद पसरला आणि पिवळा पट्टा ओढला. सगळे उठून टेबलाभोवती जमले, टॉवरवालेसुद्धा. पट्टा ओला होता. साहेबांनी त्यावर निळा ओढला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं हळूहळू हिरवं होत गेलं.

"अव बाप्पा," शेवंताबाई म्हणाल्या, "हे त खरंच झाड झालं."

"मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "हा बगीचा नाही. हा रस्ता आहे, आणि तो बिघडवला मी. संगणकवाल्यांनी नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी केलं. मी ब्रश हातात घेऊन आयुष्य काढलं, आणि मला एवढं कळलं नाही." कुणीतरी फस्सकन हसलं. मग ते व्यवस्थित भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "पण सर, चूक झाली ती चांगलीच झाली ना? आम्हाला गर्दी नको आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे अगदी मायेने पाहिलं. "गर्दी कोण, भाऊ? ही बाई गर्दी आहे का? तुमच्या घरी पाहुणे आले आणि दूध नासलं, तर त्या वेळी तुम्हाला हीच बाई पाहिजे."

मला त्यांचा अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. इतकी वर्षं जपलेलं नाव त्यांनी शाळेच्या टेबलावर सांडून टाकलं होतं. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हटलं, "सर, नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांसमोर रंगवून दाखवायची काय गरज होती?" त्यांचे हात अजून हिरवे होते. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. मला पटवायचं होतं."

निर्णय अर्धा आला. जिथपर्यंत गावकऱ्यांचे प्लॉट होते तिथपर्यंत रस्ता, पुढे टॉवरच्या बाजूला बगीचा. शेवंताबाईंचा कोपरा वाचला. गिरणी आणि शिंपी बगीच्यात गेले. साहेबांना खुलासा मागणारं पत्र आलं, पेन्शन बराच काळ अडकली, आणि त्यांचा निरोप समारंभ इतका आटोपशीर झाला की समोसे उरले. मोठे साहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि दोनच बोलले. मी वहिनींसमोर जायचं टाळत होते. वहिनीच माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "घरी असेच असतात हे. मी सांगते, कुंकवाला हात लावू नका, रंग नाही तो." आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. साहेब मात्र समोसा खात होते. मला म्हणाले, "अर्ध्या रस्त्यातसुद्धा अख्खं दुकान मावते, बेटा." पण त्या संध्याकाळी ते टेबलावरचा त्या रस्त्याचा लांब नकाशा गुंडाळत होते, तेव्हा त्यांनी बगीच्याची बाजू आधी आत घेतली आणि तिच्याकडे पाहिलं नाही. मी ते पाहिलं. त्यांना किती लागलं होतं ते मला तेव्हा कळलं.

साहेब वारले त्याला आता दोन उन्हाळे झाले. माझं स्वतःचं लहानसं ऑफिस आहे, आणि माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलामुलींना मी जरीपटक्याला घेऊन जाते. माझ्या मुलीला वाटतं, तिची आई तिथे कपडे घ्यायला जाते. कुणी विचारलं की मी कोणाच्या हाताखाली शिकले, तर मी साहेबांचं खरं नाव सांगते, आणि समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. मग रंगारी म्हटलं की त्याच्या लक्षात येतं.

ते जाण्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना तो रस्ता दाखवायला घेऊन गेले होते. ते वाळले होते, काठी आली होती, महालातल्या गल्लीतून गाडीपर्यंत यायलाच त्यांना दम लागला. इतक्या वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. वाटेत मला धाकधूक वाटत होती, कारण त्यांच्या मनातला रस्ता आणि प्रत्यक्षातला रस्ता यांचं काही जुळणार नाही हे मला माहीत होतं.

जुळलं नाहीच. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, मोमो, ब्युटी पार्लर, पोळ्या करून देणारं एक घर. खांबांवरची सावली कुठे होती, कुठे पत्रे ठोकले होते. वरच्या मजल्यांवर मिहानमध्ये नोकरी करणारी पोरं-पोरी भाड्याने राहत होती. त्यांचे टॉवेल गॅलरीत लटकत होते. ऑफिसं सुटण्याची वेळ होती, आणि सगळा रस्ता माणसांनी गच्च भरला होता. साहेब मान वर करून हळूहळू चालत राहिले. एका गॅलरीतून एक मुलगी खाली मोमोवाल्याला ओरडून सांगत होती, "भैया, दो प्लेट ऊपर!" साहेबांनी तिला हात केला. तिनेही केला.

कोपऱ्यावर शेवंताबाई गल्ल्यावर बसल्या होत्या, नाकावर चष्मा, समोर मोबाइलवर पैसे घ्यायची चौकट चिकटवलेली. त्यांनी साहेबांना लगेच ओळखलं. "या साहेब, या!" म्हणाल्या, अर्ध्या उठल्याही. तेवढ्यात कुणीतरी शाम्पूची पुडी मागितली, कुणी अंडी मागितली, एकीला सुटे हवे होते. साहेब दारात काठी टेकून उभे. मागून आणखी तीन-चार जण आले.

"साहेब, जरासे सरकता का? मांगं गिऱ्हाईक हाय."

साहेब सरकले. मग आणखी एक आला, पुन्हा सरकले. असं सरकत सरकत ते पायरीवरून खाली आले, खांबाच्या पलीकडे गेले, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबाशी उभे राहिले. शेवंताबाईंचं त्यांच्याकडे लक्ष उरलं नव्हतं. त्या कुणालातरी तेलाच्या पिशवीचा भाव सांगत होत्या. माझ्या डोक्यात सणक गेली. या बाईच्या जिन्याखालच्या जागेसाठी या माणसाने काय काय सोसलं, ते तिला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगायचं मी ठरवलं आणि पुढे निघाले.

साहेबांनी माझा हात धरला. ते दुकानाकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं फुललं होतं.

"काही बोलू नको," ते म्हणाले. "बघ ना, बेटा, मला इथे उभं राहायला जागा नाही."

मग ते वळले, आणि "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या" म्हणत, त्या गर्दीतून वाट काढत गाडीकडे चालू लागले.